पक्क्या रंगाची बदकं

मी पालिकेची बदकं सोड्याच्या पाण्यात धुतली आणि मग ती रंगवली. लाल, पिवळी, हिरवी, निळी. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलं आहे की आमच्या हिला ते लग्नाआधीपासून पाठ आहे. तिच्या मावशीनं स्थळ सांगतानाच म्हटलं होतं, "मुलगा पालिकेत आहे. तोच तो, बदकांवाला." तरी हिनं होकार दिला. त्या काळी मुलींपुढे फारसे पर्याय नसत, एवढंच यावरून सिद्ध होतं.

आमचं घर सोलापुरात रंगाऱ्यांच्या गल्लीत होतं. पुढे एक खोली, मागे एक खोली आणि दोन्ही मिळून होतील त्याहून मोठं अंगण. अंगण नायनांच्या धंद्याचं, आणि उरलेल्या जागेत आम्ही. नायना म्हणजे वडील. आम्ही घरात तेलुगू बोलायचो, दारात मराठी, शेजारच्या चाचांशी दखनी आणि भांडण जुंपलं की तिन्ही. घरातली माणसं इथे जे काही बोलतील ते मी मराठीत लिहितो आहे; अम्माच्या शिव्या मात्र मराठीत येत नाहीत, त्या गाळतो. अंगणात दोन भट्ट्या होत्या, त्यांवर तांब्याची मोठी भांडी, बाजूला सिमेंटचे हौद, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांबू. बांबूंवर रंगवलेल्या सुताच्या लडी निथळत असायच्या. त्यांच्याखालून वाकून गेल्याशिवाय मोरीवरही जाता येत नसे, त्यामुळे गल्लीत कुणाच्या घरी या आठवड्यात कुठला रंग चालू आहे ते माणसाच्या डोक्यावरून कळायचं. गटारसुद्धा हौशी होतं. सकाळी हिरवं, दुपारी तांबडं. पहाटे गिरणीचा भोंगा, मग शेजारच्या मागांची खटखट, मग अम्माच्या भाकऱ्यांची थपथप, या क्रमानं दिवस उजाडायचा. आणि यातला एखादा आवाज चुकला तर माणसं दचकून जागी व्हायची.

नायनांचे हात कोपरापर्यंत निळे. त्याच हातांनी ते ज्वारीची भाकरी मोडायचे, शेंगाच्या चटणीत बोटानं खळं करून त्यात तेल घ्यायचे, आणि शेवटी अम्माचं चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, वाटी तोंडाला लावून पिऊन टाकायचे. पण भाकरी पांढरीच राहायची. रंग हाताला बसलेला होता, सुटत नव्हता, आणि याचाच त्यांना कोण अभिमान! व्यापारी नमुना घासून बघायला लागला की ते म्हणत, "माझा रंग माझ्या भाकरीला लागत नाही शेठ, तुमच्या गिऱ्हाइकाच्या अंगाला कशाला लागेल?" नायनांच्या लाल रंगाची चादर फाटेपर्यंत लालच राहते, असं बाजारात बोललं जायचं. मला मात्र एकच हौस होती, पांढऱ्या हातांची. मॅट्रिकपर्यंत माझी नखं एकदाही नखांच्या रंगाची नव्हती. म्हणून पालिकेच्या बागखात्यात हंगामी माणसं घेताहेत असं कळताच मी अर्ज केला, आणि मला घेतलंसुद्धा.

नायनांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायचे, पण अम्मामार्फत. मी समोर ताटावर बसलेलो असताना ते म्हणायचे, "त्याला विचार, भाकरी हवी का." अम्मा वळून मला विचारायची, मी तिला सांगायचो, ती त्यांना सांगायची, आणि भाकरी त्यांच्याच हाताशी असायची. अम्मा घरात नसली की ते चुलीला उद्देशून बोलत. "पाऊस येईलसं दिसतंय. ज्यांच्या लडी बाहेर आहेत त्यांनी काढाव्यात." चूल काही उठत नसे, मी उठायचो. असं वर्ष गेलं असेल.

बागखात्यात आमचे साहेब होते घाटगे. झाडांपेक्षा पक्ष्यांवर जीव असलेला माणूस. बोलायला लागले की मान पुढे काढायचे, म्हणून दगडू माळी त्यांना मागे 'बगळेसाहेब' म्हणायचा. आमच्याकडे एक तळं होतं, आणि तळ्याला एक कोपरा होता, जिथे लव्हाळा माजला होता. चिखल, डास, पाण्यात अर्धी बुडालेली बाभूळ. शहराच्या दृष्टीनं घाण जागा. पण थंडीत त्या कोपऱ्यात कुठून कुठून रानबदकं उतरायची. सकाळी धुक्यात त्यांचं ते गुळगुळ बोलणं चालायचं. लांबून वाटावं, बायका नळावर बसल्या आहेत. शहर तेव्हा चहूकडे पसरत होतं. नव्या वसाहती, नव्या पेठा, आणि सुताच्या गाठी वाहणारे ट्रक, ज्यांना उभं राहायला जागा नव्हती. तेव्हा हा कोपरा मुरूम टाकून भरावा आणि ट्रकांना द्यावा, असं पालिकेच्या समितीत निघालं. साहेबांनी सांगितलं, तिथे पक्षी राहतात. त्यावर पैलवानी अंगाचे एक सभासद म्हणाले, "पक्षी कुणाचे? पालिकेचे का परमेश्वराचे? परमेश्वराच्या पक्ष्यांसाठी पालिकेनं जागा कशाला अडवायची?" सगळी समिती हसली. साहेब चिडून म्हणाले, "पालिकेचीही आहेत. आमची बदकं तिथंच राहतात."

ते खरं होतं. तळ्याच्या शोभेसाठी घेतलेली डझनभर गावठी बदकं होती. पण तीही करडी-तपकिरी, आणि थंडी पडली की ती रानबदकांत अशी मिसळायची की कोण पालिकेचं आणि कोण परमेश्वराचं ते परमेश्वरालाच ठाऊक. समिती रविवारी जागा बघायला येणार होती. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आपली बदकं त्या कोपऱ्यात आहेत हे काठावरून दिसलं पाहिजे. नाहीतर कोपरा गेला. नरसू, त्यांना काहीतरी खूण कर." मी आज सत्तरी ओलांडल्यावर अधिकारवाणीनं सांगतो: 'काहीतरी कर' हे माझ्यासारख्याला कधी सांगू नये.

दगडू माळी वैरागचा. उंच, सावकाश, बारा महिने विडी कानावर. तो म्हणाला, "पायाला लाल दोरा बांध की. आमी कोंबड्यास्नी तसंच करतो."

मी म्हणालो, "दगडूदादा, बदकाचा पाय पाण्याखाली असतो. समिती काय बुडी मारून बघणार?"

दगडूला हे पटलं. मला तर इतकं पटलं की मी स्वतःवरच खूश झालो, आणि त्या खुशीतच मला कल्पना सुचली. अख्खं बदकच रंगवायचं! रंगाऱ्याचा मुलगा मी. घरी भांड्यांत रंग उरलेला. नायना माल पोचवायला बाजारपेठेत गेलेले. शुक्रवारी दुपारी आम्ही सुताच्या टोपल्यांत बदकं भरून, वरून गोणपाट टाकून हातगाडीवरून गल्लीत आणली. गोणपाटाखालून क्वॅक-क्वॅक चाललेलं, आणि दगडू वाटेत भेटेल त्याला सांगतोय, "सूत हाय, सूत."

आता आमच्या धंद्यात कच्च्या सुतावर थेट रंग चढवत नाहीत. सुतात एक तेलकटपणा असतो, तो रंगाला आत शिरू देत नाही. म्हणून सूत आधी सोड्याच्या पाण्यात काढायचं, तेल निघालं की मग रंगात बुडवायचं. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. आणि बदकाच्या अंगावर पाणी टाकून बघितलं, तर थेंब मोत्यासारखे घरंगळून खाली. म्हटलं, तेलकट आहे लेकाचं! इथं कुणी नवशिका असता तर त्यानं तसाच रंग फासला असता. मी कोमट पाण्यात सोडा कालवला आणि एकेक बदक मान वर धरून, पंख उलगडून, पोटाखालून, शेपटीखालून असं चोळून काढलं की शेवटी पाणी त्यांच्या पिसांत फडक्यात मुरावं तसं मुरायला लागलं. केवढं समाधान वाटलं मला! मग रंग. दगडू लाल करत होता, मी हिरवं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "वाळत कुठं घालणार? बांबूवर?"

शनिवारी सकाळी आम्ही ती पाण्यात सोडली. आहाहा! लव्हाळ्याच्या करड्या पार्श्वभूमीवर लाल, पिवळं, हिरवं, निळं, जणू कुणी तळ्यावर चादर अंथरली आहे. साहेबांना वर्दी द्यायला मी वळलो, तेवढ्यात दगडू म्हणाला,

"आरं नरसू, ही बसाय लागली की."

"बसू दे. दमली असतील."

"बसाय लागली म्हंजी खाली! पान्यात!"

मी पाहिलं. बदकं नेहमी जितकी वर दिसतात तितकी वर नव्हती. पाठ पाण्याला टेकली होती. बघता बघता नुसत्या माना राहिल्या, रंगीत माना, आणि त्या घाबरून आमच्याकडे बघत होत्या. बदक बुडतं हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. बदकांनीही ऐकलं नसावं. आम्ही कपड्यांसकट पाण्यात शिरलो. थंडीचे दिवस, छातीभर गार पाणी, पायाखाली गाळ. दगडू एकेकाला मानेला धरून काठावर फेकत होता आणि विठ्ठलाचं नाव घेत होता, मी नुसताच रडत होतो. एक पिवळं हाताशी येईपर्यंत गेलं होतं. ते इतकं हलकं बदक ओलं होऊन इतकं जड झालं होतं, की तेवढं वजन आजही माझ्या हाताला आठवतं.

उरलेली टोपल्यांत घालून घरी आणली. ती थरथरत होती, चोचीसुद्धा वाजत होत्या. नायना अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. अम्माला म्हणाले, "त्याला विचार, सोड्यात काढलं का."

अम्मानं विचारायच्या आधीच मला सगळं कळलं. सोड्यानं तेल जातं. ते तेल होतं म्हणूनच बदक तरंगत होतं. नायना उठले, दुपारचं सूत तसंच टाकलं, मोठ्या भट्टीत लाकडं सारली आणि आग केली. मग भट्टीला पाठ करून अम्माला म्हणाले, "भिंत तापली की त्याला सांग, बदकं भिंतीशी ठेव म्हणावं. फार जवळ नको." त्या दिवशी भट्टीवर भांडं चढलं नाही. भट्टी फक्त बदकांसाठी जळत होती.

यावर एखाद्या शहाण्यानं गप्प बसावं. पण मी विचार केला: तेल काढलं म्हणून बुडाली, तर तेल लावलं की तरंगतील! स्वयंपाकघरातली करडईच्या तेलाची बरणी घेतली आणि लाल बदकाला डोक्यापासून शेपटीपर्यंत तेल चोपडलं. त्याला वर चकाकी आली खरी, पण ते भट्टीशेजारच्या राखेत गडबडा लोळलं आणि एखाद्या पिठात घोळलेल्या भज्यासारखं उठून उभं राहिलं. अम्मानं बरणी पाहिली. इथे पाच-सहा वाक्यं गाळतो. अक्का म्हणाली, "फोडणी तेवढी राहिली." ते बदक पुन्हा धुवावं लागलं, आणि या खेपेला ते अक्कानं धुतलं, साध्या पाण्यानं, मला चार हात लांब उभं करून.

संध्याकाळी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी समिती येणार. काठावरून लव्हाळ्यात बघणार. आणि मी काय दाखवू?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांच्या रागाची भीती वाटायच्या ऐवजी त्यांचीच काळजी वाटली. कोपरा जाणार, आणि तो माझ्यामुळे जाणार.

रविवारी उजाडल्यावर अम्मानंच तोड काढली. ती म्हणाली, "पाण्यात नाही तर काठावर बसव. त्यांना जागा दाखवायची आहे ना? बदक काय चोवीस तास पोहत असतं?" आम्ही टोपल्या घेऊन निघालो. पण कोरडी झालेली रंगीत बदकं गल्लीतून निघाल्यावर गल्ली मागे राहते होय! पोरं आली, पोरांच्या आया आल्या, चाचा आले, रात्रपाळी सुटलेले गिरणीवाले घरी जायचे ते वळले. तळ्यावर पोचेपर्यंत जत्रा झाली. बदकं लव्हाळ्याजवळ हिरवळीवर मोकळी सोडली, तर ती सरळ पाण्याकडे धावली. अनुभवानं शहाणं व्हायचं नाही, हे मी एकटाच करतो असं नाही. अम्मा ओरडली, आणि गल्लीतल्या बायकांनी थंडीमुळे अंगावर घेतलेल्या, मागावरून उतरलेल्या नव्या चादरी पसरून काठाला आडवं कुंपण धरलं. एका बाजूला चादरींवरचे मोर, दुसऱ्या बाजूला आमची बदकं, मध्ये समिती. पैलवानी सभासद पुढे झाले.

"बदकं पाण्यात का नाहीत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओली होतील, साहेब."

सभासद असे हसले की त्यांचं उपरणं पडलं. ते हसले म्हणून समिती हसली, समिती हसली म्हणून गर्दी हसली, आणि त्या आवाजानं लव्हाळ्यातून रानबदकांचा अख्खा थवा उठला. धुक्यात एक गोल चक्कर मारून पुन्हा तिथंच उतरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सभासदांनी आकाशाकडे पाहिलं, मग गर्दीकडे. आकाशापेक्षा गर्दीकडे जास्त वेळ पाहिलं. दगडूला विचारलं, "हे एवढे लोक रोज येतात इथं?"

"व्हय की! रोज!" दगडू म्हणाला. "कदी कदी तर हुबं ऱ्हायला जागा न्हाय घावत."

"मग इथं ट्रक कशाला हवेत? लोकांना फिरायला काहीतरी लागतं," सभासद समितीला म्हणाले, जणू हे ते पहिल्यापासून सांगत होते. ट्रकांना दुसरीकडे जागा मिळाली. कोपरा राहिला. हे मी केलं असं सांगायचा मोह मला कैक वर्षं होता, पण मी केलं ते फक्त बुडवायचं काम. तारलं ते गल्लीनं, दगडूच्या थापेनं आणि परमेश्वराच्या बदकांनी. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला रोपवाटिकेत पाठवलं. म्हणाले, "यापुढे तू फक्त जे हलत नाही ते सांभाळ." माझी सगळी नोकरी झाडांत गेली. पुढे कधीतरी त्या कोपऱ्याभोवती जाळी आली, लव्हाळ्याच्या निम्म्या जागेवर फरशी आली, आणि आता तिथे पायडल मारायच्या बदकाच्या आकाराच्या होड्या असतात. लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा त्यांच्याकडे बघायचं टाळतो. त्यांचा रंग पक्का आहे. थंडीत उरलेल्या लव्हाळ्यात अजून थोडी पाखरं उतरतात; नळावरच्या बायका आता कमी झाल्या आहेत, एवढंच.

बदकं आमच्या घरी राहिली. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, तिथून चोचीनं तेल घेऊन ते स्वतःच पिसांना लावतं, हे मला साहेबांकडून कळलं. आपण फक्त वाट बघायची. दिवसभर ती भट्टीच्या भिंतीशी बसून स्वतःला विंचरायची, भाकरीचे तुकडे खायची, आणि नायना सूत पिळायला उभे राहिले की ओळीनं त्यांच्या मागे उभी राहायची. "त्याला सांग," नायना अम्माला म्हणायचे, "त्याची माणसं पायात येतात." अम्मा रोज सकाळी एकेकावर चूळभर पाणी टाकून बघायची. आधी मुरायचं. मग अर्धं मुरायचं, अर्धं घरंगळायचं. आणि एका सकाळी तिनं टाकलेलं सगळं पाणी मोत्यांसारखं खाली आलं. अम्मा जाऊन देवापुढे साखर ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला गल्लीतल्या भट्ट्या थंड असायच्या. आम्ही बदकं घेऊन तळ्यावर निघालो, तर मागून नायनाही येत होते, जरा अंतर ठेवून, दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखे. दगडूनं टोपल्या उघडल्या. बदकं पाण्यात उतरली आणि तरंगली. पाठ वर, शेपटी वर, पहिल्यासारखी. अम्मा आणि दगडू त्यांच्या मागे काठाकाठानं लव्हाळ्याकडे चालत गेले.

मी आणि नायना मागे राहिलो. नायना पाण्याशी उकिडवे बसले. भट्टीचा धूर, राख, अक्काचं धुणं आणि बदकांचं विंचरणं, या सगळ्यातून जाऊन माझे रंग काय झाले होते ते आता उन्हात स्वच्छ दिसत होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. अम्मा लांब होती. चूलही नव्हती.

"ते लाल होतं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून.

ते मळकट गुलाबी होतं. "हो, नायना."

"आणि ते?"

ते शेवाळ्याच्या रंगाचं होतं. "हिरवं."

नायनांनी आपला हात पाण्यात घालून खळबळून धुतला, वर काढला. गेला होता तसाच निळा. तो धोतराला पुसत ते उठले आणि म्हणाले, "बरं झालं, तू धंदा सोडलास."